आडनाव गाव सांगतं, मूळ नाही

मुंबईत महालक्ष्मीकडून वरळीला जाणाऱ्या रस्त्याचं नाव डॉ. ई. मोझेस मार्ग. ज्यांच्या नावाने तो आहे ते डॉ. एलिजा मोझेस 1937–38 साली मुंबईचे महापौर होते. पाटीवर त्यांच्या नावातला तिसरा शब्द आलेला नाही. तो होता राजपूरकर. हिंदी चित्रपटांतले डेव्हिड यांचंही तसंच झालं. डेव्हिड अब्राहम चेऊलकर असं पूर्ण नाव असलेल्या या नटाचं चेऊल, म्हणजे अलिबागजवळचं चौल, श्रेयनामावलीबाहेरच राहिलं. दोघेही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. त्यांच्या नावांतल्या तीन शब्दांची कामं वेगवेगळी आहेत. पहिला शब्द माणसाचा, दुसरा रिवाजाप्रमाणे बापाचा आणि तिसरा गावाचा. वंशाचा शोध घ्यायला बसलेला माणूस मात्र बहुतेक वेळा तिसरा शब्द धरतो आणि त्यालाच विचारतो, ‘आम्ही मुळात कुठून आलो?’ या प्रश्नाचं उत्तर त्या शब्दाकडे नाही. दुसऱ्या एका प्रश्नाचं उत्तर मात्र तो चोख देतो आणि ते उत्तर बहुतेकांना वाटतं त्याहून मोलाचं आहे.

मूळ कुठलं, याचं परंपरेने दिलेलं उत्तर मराठी वाचकाला बहुधा ऐकून माहीत असतं. अलिबागच्या उत्तरेला नवगावच्या किनाऱ्याजवळ एक जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून समाज वाढला. बुडालेल्यांना नवगावात पुरलं अशी श्रद्धा आहे आणि तिथल्या जुन्या दफनभूमीत आज स्मारक उभं आहे. हैम सॅम्युएल केहिमकर यांनी 19व्या शतकाच्या अखेरीस समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहिला. तो छापून निघायला 1937 साल उजाडलं आणि छापला गेला तोही थेट तेल अवीवला. त्यांनी हे आगमन इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, अँटिओकस राजाने ज्यूंचा छळ केला त्या काळात नेलं. इतरांनी ते येमेनशी जोडलं, कुणी इराणशी, तर कुणी इस्राएलच्या हरवलेल्या दहा वंशांशी. या सगळ्या तर्कांना आधार देणारा समकालीन कागद एकही नाही. शिवाय मराठी वाचकाला चौदा हा आकडा ओळखीचा वाटेल. समुद्राने किनाऱ्यावर टाकलेले चौदा देह आणि परशुराम ही चित्पावनांची उत्पत्तिकथा याच किनाऱ्यावरची आहे. दोन शेजारी समाज आपल्या मुळाबद्दल एकाच घाटाची गोष्ट सांगत असतील, तर त्या गोष्टीतून कोकणातल्या कथनाची रीत आधी कळते, इतिहास नंतर. गोष्ट खोटी ठरवायची गरज नाही. फक्त तिच्यावर सनावळी उभी करता येणार नाही.

आता ‘कर’कडे येऊ. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, झिराडकर, किहीमकर, नवगावकर, वाक्रुळकर, चेऊलकर अशी बेने इस्राएलांची शंभराहून अधिक आडनावं सांगितली जातात. ती नकाशावर मांडली तर बहुतेक सगळी एका आटोपशीर पट्ट्यात बसतात: अलिबाग, पेण, रोहा, मुरूड आणि आसपासचा मुलूख, म्हणजे जुना कुलाबा जिल्हा, 1981 पासूनचा रायगड, आणि त्याला लागून असलेलं जंजिरा संस्थान. साध्या व्यवहाराचा विचार केला तर असं आडनाव गावात राहून पडत नाही. पेणमध्ये सगळेच पेणचे, तिथे कुणाला पेणकर म्हणून काय साधणार? माणूस पेण सोडून रेवदंड्याला किंवा मुंबईला गेला, की तिथले लोक त्याला पेणकर म्हणतात. म्हणजे हे आडनाव पोचल्याची नव्हे, निघाल्याची नोंद आहे. घराणं जिथून शेवटचं हललं, किंवा ज्या हलण्याने नाव चिकटलं, ते ठिकाण ते सांगतं. त्याआधी ते घराणं त्या गावात दोन पिढ्या होतं की वीस, याबद्दल ते काहीच बोलत नाही. 18व्या शतकाच्या उत्तरार्धापासून बेने इस्राएल मंडळी कंपनी सरकारच्या पलटणीत, गोदीत आणि बांधकामांवर कामाला मुंबईत येऊ लागली. तिथे हजेरीपटावर माणूस ओळखायला गावाचं नाव लागलं आणि बोलण्यातलं विशेषण कागदावर आडनाव होऊन बसलं.

यावर पहिला आक्षेप असा येतो की ‘कर’ तर अर्ध्या कोकणाला लागतं, मग त्यातून ज्यू घराण्याबद्दल विशेष काय कळणार? दांडेकर ब्राह्मण आहेत आणि बेने इस्राएलही आहेत. दिवेकरांचंही तेच. आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. उरलेल्या अर्ध्याचं उत्तर त्यांच्या धंद्यात सापडतं. हा समाज पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळत आला. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना शनिवार तेली म्हटलं. सोमवारी बैलाला विश्रांती देणारे हिंदू तेली ते सोमवार तेली. लहान गावाला घाणा लागतो किती? तीळ आणि खोबरं गाळून आसपासच्या वाड्यांना तेल पुरवायला एक पुरतो, फार तर दोन. दुसरा तेली त्याच गावात येऊन बसला तर दोघांचेही बैल उपाशी. म्हणून हा समाज एखाद्या मोठ्या मोहल्ल्यात न राहता घराघराने पांगला. आडनावांत एवढी गावं का, याचं कारणही हेच पांगणं. त्यातून शोधणाऱ्याच्या कामाची गोष्ट निघते: ज्या लहान गावात या समाजाचं एकच घर होतं, तिथे गावाचं नाव आणि कुळाचं नाव जवळजवळ एकच झालं. हिंदूंमध्ये एकाच गावचे, एकमेकांशी रक्ताचं नातं नसलेले पाच-पन्नास ‘कर’ असू शकतात. बेने इस्राएलांत वाक्रुळकर म्हटलं की आवाका एकदम आखडतो. वाक्रुळ हे पेण तालुक्यातलं खेडं, तिथे तेल्यांची दहा घरं असण्याची शक्यता कमी. पेणकर, रोहेकर, चेऊलकर यांचं तसं नाही. ती बाजारपेठेची गावं, तिथे एकाहून अधिक कुळं नांदणार. म्हणून लहान खेड्याचं आडनाव हा वंशशोधातला पक्का पुरावा आणि मोठ्या पेठेचं आडनाव हा नुसता इशारा, असा माझा हिशेब आहे.

पण हा पुरावा नीट वाचावा लागतो आणि तिथे इंग्रजी लिपी घात करते. अलिबाग तालुक्यात नागाव आहे आणि नवगावही आहे. देवनागरीत दोन वेगळी आडनावं, पण पासपोर्टवरच्या स्पेलिंगमध्ये ती एकमेकांत सहज मिसळतात. राजपूरकर हे मुरूडजवळच्या खाडीवरच्या राजपुरीचे. पण घरात मराठी उरलेली नसली की नातवंडं नकाशात रत्नागिरीतलं राजापूर शोधतात आणि शंभर मैल चुकीच्या दिशेला जातात. दिवेकरांसमोर तर दिवी, दिव आणि दिवेआगर अशी जवळपासच्या उच्चारांची रांगच उभी राहते. स्वतः केहिमकरांचं आडनाव किहीमवरून आलेलं. इंग्रजीतून फिरून आल्यामुळे मराठीतही ते ‘केहिमकर’ असंच रूढ झालं. आणखी एक खोड म्हणजे ‘कर’ गळून पडणं. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जेरूशा झिराड यांना 1966 साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या आडनावात झिराड गाव आहे, ‘कर’ नाही. अशा वेळी आडनाव गावाचं आहे हेच मुळी अनोळख्याच्या ध्यानात येत नाही.

मधला शब्द, बापाचं नाव, वंशशोधात खरं तर सर्वांत उपयोगी, कारण तो एकेक पायरी मागे नेतो. पण त्याचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, शाआर हारहमीम, 1796 साली मांडवीत उभं राहिलं. लोक त्याला जुनी मशीद म्हणत. ते बांधणारे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर त्यांच्या काळात समाजी हसाजी दिवेकर होते. सॅम्युएलचा समाजी आणि इझिकिएलचा हसाजी झाला, तसाच आयझॅकचा इसाजी, अब्राहमचा अब्राजी, एलियाचा एलोजी. हिब्रू नावं कोकणच्या तोंडात घोळून शेजारच्या संभाजी-मालोजींसारखी झाली होती. 19व्या शतकात वारं फिरलं. कोचीनहून धर्म शिकवणारे शिक्षक आले, अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, बायबल मराठीत हाती आलं, पासोवर सणाला वाचायच्या हगादा या पोथीची मराठी आवृत्ती 1846 साली मुंबईत छापली गेली. छापील पानावर आपलीच नावं वेगळ्या रूपात दिसली तसं दोन पिढ्यांत समाजी गेला आणि सॅम्युएल आला. मिशनऱ्यांना धर्मांतरं हवी होती, ती फारशी मिळाली नाहीत. त्यांच्या शाळांनी उलट ज्यूंना अधिक ज्यू केलं.

याचा वंशावळीवर परिणाम असा, की 1850च्या आसपासच्या कागदांत एकच माणूस दोन नावांनी भेटू शकतो आणि त्याहून मागच्या मोडी कागदात ‘इसाजी तेली’ दिसला तर तो ज्यू की मराठा, हे नावावरून ठरत नाही. येसाजी-इसाजी हे नाव मराठ्यांतही होतंच. पुढे आणखी एक वळण आलं. पलटणीत आणि सरकारी दप्तरात काहींनी गावाचं नाव सोडलं आणि बापाचं किंवा आज्याचं नाव आडनाव म्हणून गोठवलं. कवी निसीम इझिकिएल यांच्या वडिलांचं नाव मोझेस. म्हणजे ‘इझिकिएल’ हे निसीम यांच्या बापाचं नाव नव्हे, एका आधीच्या पिढीचं थिजलेलं नाव. सॅमसन, रूबेन, बेंजामिन ही आडनावंही याच पठडीतली. अशा घराण्यात गाव शोधायचं तर गोठलेल्या नावाच्या आधीच्या पिढीपर्यंत जावं लागतं. तिथे ‘कर’ बहुतेक वेळा वाट पाहत असतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: आडनावं इतकी अलीकडची असतील, तर ती काढून टाकून सरळ मुळाचाच शोध का घेऊ नये? आडनाव अलीकडचं असणं हा काही बेने इस्राएलांचाच दोष नाही. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात दुसऱ्या जोसेफने 1787 साली हुकूम काढून ज्यूंना कायमची आडनावं घ्यायला लावली. नेपोलियनने 1808 साली तेच केलं, प्रशियाने 1812 साली. तिथेही अनेकांनी गावांचीच नावं घेतली. वीनर म्हणजे व्हिएन्नाचा, फ्रँकफुर्टर म्हणजे फ्रँकफुर्टचा. अमेरिकेतला एखादा वीनर व्हिएन्नाला आपलं आदिस्थान मानत नाही, फक्त त्याआधी कुठे पाहायचं याचा पहिला मुक्काम मानतो. कोकणात तर हुकूमही निघाला नव्हता. आडनाव शेजाऱ्यांच्या तोंडून आलं, म्हणूनच ते सरकारी नावापेक्षा विश्वासार्ह आहे. तलाठ्याला किंवा पलटणीच्या कारकुनाला फसवता येतं, गावाला आपल्या तेल्याचं ठिकाण चुकीचं सांगता येत नाही.

बरं, मुळाकडे सरळ जायचं म्हटलं तरी वाटेत काय आहे? मैमोनिदेस या ज्यू पंडिताच्या 1200च्या सुमाराच्या पत्रात भारतातल्या ज्यूंचा उल्लेख आहे. त्यांना शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, आणि सुंता एवढंच ठाऊक आहे, असं तो म्हणतो. वर्णन कोकणाला चपखल बसतं, पण त्यात कोकण हा शब्द नाही. त्यानंतर पाचशे वर्षं शांतता. 1738 साली सार्टोरियस हा मिशनरी सुरत आणि राजपुरीकडच्या, स्वतःला बेने इस्राएल म्हणवणाऱ्या लोकांबद्दल लिहितो. 1768 साली कोचीनचे व्यापारी इझिकिएल राहाबी अॅमस्टरडॅमला पाठवलेल्या पत्रात मराठी मुलखातल्या तेल गाळणाऱ्या ज्यूंची हकीकत कळवतात. या दोन्ही टिपणांत लोक आहेत, धंदा आहे, प्रदेश आहे, पण घराण्याची साखळी नाही. परंपरेतल्या डेव्हिड राहाबीचंही तेच. त्याने समाजाला धर्म पुन्हा शिकवला आणि काझी, म्हणजे समाजातले धर्मप्रमुख, नेमले असं सांगतात, पण तो अकराव्या शतकातला की अठराव्या शतकातल्या राहाबी घराण्यातला, यावर एकमत नाही. तेव्हा आडनाव बाजूला सारणाऱ्याच्या हाती हजारभर वर्षांची एक पोकळी उरते आणि तिच्या अलीकडच्या काठावर पुन्हा तीच गावं.

आजकाल या पोकळीवर जनुकांचा पूल टाकला जातो आणि तिसरा आक्षेप तिथूनच येतो: लाळेचा नमुना दिला की काम झालं, नावं कशाला? 2016 साली बेने इस्राएल समाजातल्या 18 जणांच्या जनुकसंचाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे ठळकपणे दिसले. दोन्हींचा संकर सुमारे 19 ते 33 पिढ्यांपूर्वी, म्हणजे साधारण साडेसहाशे ते हजार वर्षांपूर्वी झाला असा अंदाज निघाला. मध्यपूर्वेचा वाटा मुख्यतः पुरुषांकडून आणि स्थानिक वाटा मुख्यतः स्त्रियांकडून आल्याचीही चिन्हं होती. हे महत्त्वाचं आहे आणि जहाजातल्या सात स्त्रियांच्या कथेला अडचणीचंही आहे. संकराचा काळ म्हणजे आगमनाचा काळ नव्हे, एवढं मात्र लक्षात ठेवायला हवं. पण हे उत्तर समाजाचं आहे, घराण्याचं नाही. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: समाजाची सुरुवात थोड्या माणसांपासून झाली आणि पुढे आपसातच लग्नं होत राहिली. परिणामी कुणीही दोन बेने इस्राएल तपासले तर ते प्रत्यक्षात आहेत त्याहून जवळचे नातेवाईक भासतात, कारण ते एका वाटेने नव्हे, चार वाटांनी एकमेकांचे लागतात. यंत्र ‘चुलतभाऊ’ म्हणेल, पण कुठल्या काकाकडून ते सांगणार नाही. ती गाठ सोडवायला पुन्हा ‘कोण कुठल्या गावचे’ हाच प्रश्न विचारावा लागतो.

या तिन्ही आक्षेपांपेक्षा गंभीर उणीव आडनावातच आहे. ती म्हणजे आई. ज्यू धर्मशास्त्रात ज्यूपण आईकडून येतं आणि मराठी नावाच्या रचनेत आईला जागाच नाही. लग्नानंतर मुलीच्या नावामागे नवऱ्याचं नाव आणि त्याचं गाव लागतं. माहेरचा ‘कर’ पुसला जातो. ही उणीव 1962 साली थेट अंगावर आली. इस्राएलमध्ये स्थलांतरित झालेल्या बेने इस्राएलांचे विवाह लावण्याआधी त्यांच्या आईकडच्या पिढ्या मागे मागे तपासाव्यात, असे निर्देश तिथल्या मुख्य धर्मपीठाने काढले. कोकणातल्या तेल्याच्या घरात पणजीच्या आईचा कागद कुठून येणार? समाजाने तो अपमान मानला. जेरुसलेममध्ये निदर्शनं झाली, आणि 1964च्या ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेने बेने इस्राएल हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत असं ठरवून टाकलं. माझ्या मते धर्मपीठाची मागणीच पुराव्याच्या दृष्टीने चुकीची होती. ज्या समाजात शंभर गावांत एकेक घर आणि लग्न मात्र समाजातच, तिथे सून दुसऱ्या गावच्या ‘कर’कडूनच यायची. एका घराचा आईकडचा पुरावा दुसऱ्या घराच्या आडनावात असतो. तो दप्तरात नाही म्हणून अस्तित्वातच नाही, असं मानणं हा दप्तरवाल्यांचा भ्रम.

शिवाय आईची बाजू अगदीच निराधार नाही. कतुबा, म्हणजे लग्नाचा हिब्रू करारनामा, वधूची ओळख तिच्या बापाच्या नावाने देतो. म्हणजे पणजीचा कतुबा हाती आला तर खापरपणजोबा मिळाले. आजाऱ्यासाठी सिनेगॉगात प्रार्थना होते तेव्हा त्याचं नाव आईच्या नावासह घेतात. ही नावं घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असतात.

आणि नाव पुरावा न राहता आडोसा झालं तर काय होतं, याचं उदाहरणही आपल्याच किनाऱ्यावर आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य, जन्माने ज्यू पण बाप्तिस्मा झालेल्या घराण्यातला, 1568 साली गोव्यात सन्मानाने वारला. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशनने त्याच्या बहिणीला जाळलं आणि 1580 साली त्याचीही हाडं उकरून जाळली. त्याच्या नावात ज्यूपणाची एक खूण नव्हती. पुरावा निघाला तो घरच्यांच्या जबान्यांतून. दमण, सिल्वासा, वसई या पट्ट्यात बाप्तिस्म्याबरोबर पोर्तुगीज आडनाव घेतलेली घराणी आजही भेटतात. त्यांच्या नावावरून मागे जायचा रस्ता त्या दिवसापाशीच खुंटतो. शनिवार तेल्यांवर अशी वेळ आली नाही. त्यांना नाव लपवावं लागलं नाही, फक्त ते शेजाऱ्यासारखं घडत गेलं.

महाराष्ट्र सरकारने 2016 साली ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, पण समाजाचा मोठा भाग आता बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद इथे आहे आणि तिथल्या तिसऱ्या पिढीला देवनागरी वाचता येत नाही. तेव्हा ज्यांच्या घरात अजून मराठी बोललं जातं त्यांनी एवढं करावं: आजी-पणजीचं माहेरचं आडनाव विचारून ते देवनागरीत लिहून ठेवावं, शेजारी गावाचं आणि तालुक्याचं नाव लिहावं आणि कतुबा सापडला तर त्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढावा. नागाव की नवगाव, हे सांगू शकणारी माणसं आज ऐंशीच्या पुढची आहेत.